शब्दचर्चा : प्रेम ‘करणे’, जीव ‘जडणे’ आणि बंड

प्रश्न

कुमारवयीन वाचकांसाठी एक दीर्घकथा लिहिते आहे. काळ पुढचा, शहराला नाव नाही. कुणाचा संसार कुणाशी हे तिथलं एक मंडळ ठरवतं. घरांना दारं आहेत, पण आतून कडी नाही. संध्याकाळचा भोंगा झाला की दोघांनी सोबत चालणंसुद्धा गुन्हा. सतरा वर्षांची एक मुलगी आणि तिच्याच वयाचा एक मुलगा भेटत राहतात, सापडतात, आणि माफीनाम्यावर सही केलीत तर सोडून देऊ असं सांगितल्यावर सही करायचं नाकारतात. कथा सुचली आहे, शब्दांपाशी अडले आहे. अशा राज्याला मराठीत काय म्हणायचं? ‘डिस्टोपिया’ निवेदनात दाताखाली खडा यावा तसा लागतो. दोघांनी केलं ते बंड, बंडखोरी, विद्रोह की नुसती हुकूममोड? आणि त्यांच्यात जे आहे त्याला काय म्हणू? ‘प्रेमप्रकरण’ लिहिलं होतं, मोठ्याने वाचलं आणि खोडलं. का खटकलं ते कुणी नेमकं सांगू शकेल का?

उत्तर

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. ‘युटोपिया’ हा शब्द थॉमस मोर यांनी १५१६ साली घडवला. ग्रीक ‘टोपोस’ म्हणजे जागा, आणि त्याआधी ‘नाही’ या अर्थाचा उपसर्ग. कानाला मात्र ‘चांगली’ या अर्थाचा उपसर्गही ऐकू येतो, त्यामुळे कुठेच नसलेली जागा आणि चांगली जागा असे दोन्ही अर्थ त्यात राहिले. पुढे १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलत होते. सरकारचं धोरण युटोपियन म्हणण्याच्या लायकीचं नाही, कारण ते अमलात न येण्याइतकं चांगलं नसून अमलात न येण्याइतकं वाईट आहे, असं सांगताना त्यांनी ‘डिस्टोपियन’ शब्द वापरला.

मराठीत वाईट राज्यासाठी शब्दांची वाण नाही. अनागोंदी, अंदाधुंदी, बेबंदशाही, पुंडाई, मोगलाई. पण या साऱ्यांची तक्रार एकच: धरबंध राहिला नाही, ज्याच्या हाती काठी तो म्हणेल ते खरं. तुमच्या शहराचं दुखणं नेमकं उलटं आहे. तिथे भोंगा वेळेवर होतो, मंडळाची बैठक चुकत नाही, नोंदी चोख आहेत. धरबंध जास्त झालेल्या राज्याला बेबंदशाही म्हणता येत नाही. ‘दडपशाही’ आणि ‘मुस्कटदाबी’ जवळ येतात, पण ती कृत्यांची नावं आहेत, मुलखाची नव्हेत. ‘दुःस्थान’ अर्थाला चोख बसतं, मात्र पत्रिकेतल्या सहाव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानांना ज्योतिषी आधीपासून दुःस्थानं म्हणतात. मी ‘दुःस्वप्नराज्य’ सुचवेन.

उत्तर

‘दुःस्वप्नराज्य’ला माझा विरोध आहे. स्वप्न म्हटलं की जाग येण्याची सोय आली. या राज्यातल्या लोकांना तर आपण जागेच आहोत असं वाटतं, आणि बऱ्याच जणांना आपलं बरं चाललं आहे असंही वाटतं. हा शब्द समीक्षेच्या लेखात वापरा, तिथे तो शोभेल. गोष्टीच्या आत मात्र अशा राज्याला नावच देऊ नका. तिथल्या माणसांसाठी ते फक्त ‘राज्य’ असतं, किंवा ‘इथे’.

तुमचं ‘मंडळ’ उत्तम आहे, ते बदलू नका. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत लोकांची लग्नं लावून देणारी सत्ता स्वतःला ‘अंगकार’ म्हणवत असे. त्याचा अर्थ निव्वळ ‘संघटना’. एकमेकांना न ओळखणाऱ्या तरुण मुलामुलींना ओळीने उभं करून त्यांच्याकडून संघटनेशी निष्ठेचा शब्द घेतला जाई, आणि ठरवून दिलेल्या जोडीबाहेरच्या प्रेमाला शिक्षा होती. अशी सक्तीची लग्नं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता, असा निवाडा तिथल्या विशेष न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. सांगायचं ते इतकंच, की ही राज्यं स्वतःसाठी भयंकर नावं निवडत नाहीत. साधी, सोज्वळ, कार्यालयीन नावं निवडतात. जर्मनीत १९३५ साली ज्यूंशी लग्न करायला बंदी घालणारा कायदा आला, त्याच्या नावात ‘जर्मन रक्त’ आणि ‘जर्मन सन्मान’ यांचं ‘संरक्षण’ होतं. बंदी हा शब्द नावात कुठेच नव्हता. तुमच्या मंडळाच्या तोंडीसुद्धा ‘मनाई’ कमी आणि ‘संरक्षण’, ‘मार्गदर्शन’, ‘हित’ जास्त येऊ द्या.

उत्तर

बंड की विद्रोह, याबद्दल. हे शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. १८५७ आठवून पाहा. शिपायांचं बंड, उठाव, स्वातंत्र्यसमर: घटना तीच, पण कुणी कोणता शब्द वापरला यावरून तो कुठे उभा आहे ते कळतं. तुमच्या गोष्टीतही तसंच व्हायला हवं. एकाच कृत्यासाठी फिर्यादीचा शब्द वेगळा, मुलीचा वेगळा आणि निवेदकाचा वेगळा.

‘द्रोह’ हा सत्तेचा शब्द. मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह, राजद्रोह असे समास पाहिलेत तर दिसेल की द्रोहाला आधी निष्ठा लागते. ज्याचं काही लागत नाही त्याचा द्रोह करता येत नाही. या दोन मुलांनी निष्ठा कधी वाहिली होती? जन्मल्याबरोबर ती त्यांच्या नावावर मांडून ठेवली होती. तेव्हा आरोपपत्रात ‘राज्यद्रोह’ खुशाल लिहा, निवेदकाने तो शब्द उच्चारू नये. ‘विद्रोह’ मुळात त्याच धातूतला, पण दलित साहित्याने आणि चळवळींनी मराठीत त्याला ताठ मान दिली. आज विद्रोही म्हणवून घेण्यात अभिमान आहे. मात्र त्या शब्दामागे विचार असतो, आणि सोबत माणसं असतात. भोंग्यानंतर हात धरून चालणाऱ्या दोघांवर तो लादला तर ती दोघं घोषवाक्य होऊन बसतील.

‘बंडखोरी’सुद्धा जपून. चुगलखोर, लाचखोर, भांडखोर यांच्या पंगतीतलं ते ‘खोर’ आहे, त्यात खोड लागल्याचा सूर येतो. ‘बंडखोर कवी’ असं आपण कौतुकाने म्हणतो हे खरं, पण अधिकाऱ्याच्या तोंडी ‘मुलगी बंडखोर वृत्तीची’ हे वाक्य कसं वाजेल ते ऐका.

राहिलं ‘बंड’. घरातलं मूलही बंड करतं आणि सरदारही, त्यामुळे तो शब्द या वयाला पेलतो. फक्त त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं सांभाळा. बंड पुकारतात, उभारतात, मोडून काढतात. म्हणजे त्याला उघडपणा हवा. मुलं लपून भेटतात तोवर ते बंड नाही, तोवर ती ‘चोरून’ भेटतात. हा ‘चोरून’ शब्दही तुमच्या कामाचा आहे. चोरलं कुणाचं? त्या राज्यात संध्याकाळदेखील मंडळाच्या मालकीची असेल, तर मुलांनी खरोखरच राज्याची संध्याकाळ चोरलेली असते. माफीनाम्यावर सही नाकारली, तिथे ‘बंड’ लिहा. त्याआधी कुठेही नको.

पुरवणी

‘नजर’ विसरू नका. नजरानजर, नजर ठेवणे, नजरकैद: प्रेमिकांचा आणि पहारेकऱ्यांचा शब्द एकच आहे. येवगेनी झाम्यातिन यांच्या, १९२४ साली प्रथम इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत घरांच्या भिंती काचेच्या आहेत, आणि गुलाबी कुपन दाखवलं तरच ठरावीक वेळापुरते पडदे ओढायची परवानगी मिळते. तुमच्याकडे कडी नसलेली दारं आहेत. एकाच परिच्छेदात दोन्ही नजरा आल्या तर वाचकाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

‘पळून जाणे’ही तसंच. लग्नासाठी पळून जाणं आणि कैदेतून पळून जाणं, इथे दोन्ही एकच होतील.

उत्तर

‘प्रेमप्रकरण’ का खटकलं, त्याविषयी. ‘प्रकरण’ हा दप्तरातला शब्द आहे. प्रकरण दाखल होतं, दाबलं जातं, मिटवलं जातं. म्हणजे प्रेमाला प्रकरण म्हणणारा माणूस त्याच्याकडे बाहेरून, फाईलच्या बाजूने पाहत असतो. भानगड आणि लफडं त्याच घरचे, फक्त उंबऱ्यावर बसून बोलणारे. तुम्ही खोडलंत ते निवेदनापुरतं योग्यच, पण फेकू नका. मंडळाच्या कारकुनाला द्या. त्याच्या तोंडी तो शब्द अक्षरशः खरा आहे.

याहून मोठी गोष्ट क्रियापदात आहे, आणि माझ्या मते तुमच्या कथेचं मर्म तिथेच सापडेल. मराठीत प्रेम ‘करता’ येतं. ‘तिने त्याच्यावर प्रेम केलं’ या वाक्यात ती कर्ती आहे. कर्ती सापडली की जबाबदारी आली, हेतू आला, आरोप ठेवता आला. पण प्रेम ‘बसतं’ही, ‘जडतं’ही. ‘तिचा त्याच्यावर जीव जडला’ यात कर्ता आहे जीव. ती काही करत नाही, तिच्या बाबतीत ते घडतं. असं वाक्य आरोपपत्रात कसं लिहिणार? जडलेल्या जिवावर कलम लावता येत नाही. म्हणून त्या राज्याचा कारकून जबानी उतरवून घेताना नेमकं हेच बदलेल. मुलगी म्हणेल, ‘माझा जीव जडला’. तो लिहील, ‘आरोपीने प्रेम केल्याचे कबूल केले.’ एका क्रियापदाची ही फेरफार म्हणजेच त्या राज्याचा सगळा जुलूम, आणि तो दाखवायला कोठडी किंवा चाबूक लागत नाही.

आता पुढचं पाऊल. मुलीला हा बदल वाचून दाखवला जातो. ती काय करेल? ‘जडला’ हा शब्द धरून बसली, तर ती निर्दोष सुटू पाहते. ‘हो, मी प्रेम केलं’ असं म्हणाली, तर ती ते क्रियापद स्वतःच्या हाताने उचलते. मला वाटतं, वरच्या उत्तरात म्हटलेलं उघडं बंड इथे सुरू होतं. जे घडलं होतं ते ती आता करते आहे.

‘प्रेमज्वर’, ‘प्रेमाची बाधा’ हे शब्द ललित लेखनात नुसते अलंकार आहेत. तुमच्या राज्यात ते निदान होऊ शकतात. लॉरेन ऑलिव्हर यांच्या २०११ च्या कादंबरीत प्रेम हा अधिकृत रोग आहे आणि अठराव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया होते. याची वाट आता मळलेली आहे, म्हणून मी त्या बाजूला फार जाणार नाही. मला जास्त भावतो तो लोइस लौरी यांच्या १९९३ च्या ‘द गिव्हर’मधला प्रसंग. बारा वर्षांचा मुलगा आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते रागावत नाहीत. हसतात, आणि भाषा नेमकी वापरावी अशी समज देतात: इतका मोघम शब्द आता कुणी वापरत नाही, आमच्या कौतुकाबद्दल विचार. प्रेमावर तिथे बंदी घालावी लागलेली नाही, कारण शब्दच मोडीत निघाला आहे. तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीला ‘जीव जडणे’ हा शब्दप्रयोग कुठून मिळाला, हे एकदा ठरवा. आजीकडून? भिंतीवरच्या खरवडलेल्या अक्षरांतून? ज्या राज्यात माया, ओढ, जिव्हाळा हे शब्द शाळेत शिकवत नाहीत, तिथे ते कुणीतरी जपून ठेवलेले असणार.

प्रश्नकर्तीकडून

खूप उलगडलं. जबानीचा प्रसंग पुन्हा लिहिला आहे. मंडळाचा प्रमुख म्हणतो, ‘मुली, आपण सगळे एकमेकांच्या हितासाठी आहोत. आपल्यात गुपितं नसतात.’ कारकून वाचतो, ‘आरोपीने प्रेम केल्याचे कबूल केले.’ मुलगी म्हणते, ‘मी कबूल केलं नाही. मी सांगितलं. आपण प्रेम केलं, आणि करत राहू.’ शेवटचं वाक्य लंगडतं आहे असं वाटतं. ‘आपण’ बदलू का? आणि प्रमुखाने तिला ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’?

उत्तर

‘आपण’ बदलायलाच हवं. त्यात ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’त तो वगळलेला असतो. हा भेद मराठीत हातचा असताना वाया घालवू नका. प्रमुख ‘आपण सगळे’ म्हणतो तेव्हा तो तिला विचारल्याशिवाय आत ओढतो. तिने ‘आपण’ म्हटलं तर समोरचा प्रमुखही तिच्या प्रेमात सामील झाल्यासारखा होतो, तिथे वाक्य लंगडतं. ‘आम्ही प्रेम केलं’ असं लिहा. ‘आम्ही दोघांनी’ नको. ती दोघं कोण ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे.

‘करत राहू’ काढून टाका. भविष्याचं वचन आलं की वाक्य भाषणाकडे झुकतं. ‘मी कबूल केलं नाही. मी सांगितलं.’ हे मात्र पक्कं आहे, त्यातला शब्दही हलवू नका. कबूल करायला आधी गुन्हा मानावा लागतो.

प्रमुखाने सुरुवातीला ‘मुली’ आणि ‘तू’ म्हणावं, वडीलकीचा आव आणण्यासाठी. तिने ‘आम्ही’ म्हटल्यानंतर त्याने ‘तुम्ही’वर यावं, आणि ते आदराचं वाटू देऊ नका. तो पुढे काय म्हणतो ते लिहून झालं की इथे टाका, म्हणजे क्रियापदांची रूपं तपासून देतो. ‘तुम्ही’ तिच्या एकटीसाठी आहे की दोघांसाठी, हे त्या वाक्यात जाणूनबुजून मोघम ठेवता येईल.