कळसूबाईची हवा आणि दाबाची पेटी

दाब कमी-जास्त करणाऱ्या पेटीत वीस मिनिटं बसलं की डोंगर चढल्याचा फायदा मिळतो, असा एक दावा केला जातो. जरा थांबा. कळसूबाई 1646 मीटर. माथ्यावर ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 82 टक्के, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. आपलं नाशिक तर आधीच 600 मीटरच्या आसपास. दर पावसाळ्यात कळसूबाईला पळणाऱ्या आम्हा मंडळींचं हिमोग्लोबिन काही वाढलं नाही, भूक तेवढी वाढली!

ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशींना कळतं हे खरं, त्या यंत्रणेच्या शोधाला 2019 चं नोबेल आहे. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात, तांबड्या पेशी वाढतात. पण त्यासाठी धावपटू दोन-अडीच हजार मीटरवर तीन-चार आठवडे मुक्काम ठोकतात. वीस मिनिटांत कुठलं व्हायला?

मणक्यातल्या मज्जारज्जूच्या अर्धवट दुखापतीत थोड्या-थोड्या वेळाच्या कमी ऑक्सिजनने चालणं सुधारल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय, तेही देखरेखीखाली. पण स्लीप अ‍ॅप्नियातही, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या विकारात, रात्रभर ऑक्सिजन असाच खाली-वर होत असतो आणि त्याने रक्तदाब चढतो. किती खाली, किती वेळा, यावरच सगळं. माझे काका घोरतात, बीपीची गोळीही चालू आहे. त्यांना मी पेटीऐवजी आधी झोपेची तपासणी करायला सांगितलंय. आणि सर्दी असेल तर त्या पेटीत बसूच नका, दुखरे कान धरून बाहेर याल.