बार्लीवाइन (खूप कडक बिअर) 1.040 घनतेवर अडकली, शिवाय ओजीही (आंबण्याआधीची घनता) कमी आली

गाळणी: घरी 20 लिटर इंग्लिश बार्लीवाइन केली. मॅरिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) साडेसात किलो, क्रिस्टल माल्ट 400 ग्रॅम, मॅश (दाणा गरम पाण्यात भिजवणं) 66 अंशांवर तासभर. 75 टक्के एफिशियन्सी (दाण्यातली तेवढी साखर उतरेल असं) धरून ओजी 1.091 हवी होती, आली 1.075. एस-04 यीस्टची दोन पाकिटं, 18 अंश. दोन आठवडे झाले, रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारा) 10 ब्रिक्सवर (साखरेचं माप), म्हणजे 1.040 वर थांबलाय. आणखी यीस्ट टाकू का?

तळगाळ: काहीही टाकू नका. अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर फसवतो. अल्कोहोलचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त, म्हणून साखर आहे त्याहून जास्त दिसते. सुरुवातीचे 18.2 ब्रिक्स (म्हणजे तुमचे 1.075) आणि आताचे 10 दुरुस्तीच्या सूत्रात घातले तर एफजी (आंबल्यानंतरची घनता) 1.019 च्या आसपास निघते. एस-04 साठी ती रास्तच आहे. हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) बुडवून बघा, पण नमुन्यातला गॅस आधी ढवळून काढा. बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो.

जवकरी: ओजीबद्दल. 75 टक्के हा 1.050 च्या बिटरचा (हलक्या इंग्लिश बिअरचा) आकडा. इथे दाणा जास्त आणि धुवायला पाणी कमी, त्यामुळे साखर चोथ्यातच राहते. तुमचे आकडे 61-62 टक्के सांगतात. पुढच्या वेळी 60 धरा, मॅरिस ऑटर साडेनऊ किलो. किलोला अडीच लिटर पाणी घेतलं तर मॅश 31 लिटरवर जातो, 30 लिटरच्या पातेल्यात मावणार नाही. मग दाणा आताइतकाच साडेसात किलो ठेवून वर्ट (मॅशमधून निघालेलं गोड पाणी) साडेसोळा लिटरपर्यंत आटवा. चोथा पुन्हा धुवून हलकी बिअरही काढता येते. पार्टी-गाइल ती हीच. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीच्या गोल्डन प्राइड, ईएसबी आणि लंडन प्राइड या बिअर अशाच एका मॅशमधून निघत.

गाळणी: हायड्रोमीटर 1.020 दाखवतोय! हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) 5 टक्के अल्फाचे (कडूपणा देणाऱ्या आम्लाचे) ईस्ट केंट गोल्डिंग्ज, 85 ग्रॅम, 60 मिनिटं. 1.091 ला पुरतील?

तळगाळ: नाही. घट्ट वर्टमध्ये कडूपणा कमी उतरतो. 85 ग्रॅम 1.050 ला जवळपास 50 आयबीयू (कडूपणाचं एकक) देतात, 1.091 ला 34-35. भरून काढायला 125 ग्रॅम लागतील आणि एवढा पाला बराच वर्ट पिऊन बसतो. त्यापेक्षा 10 टक्के अल्फाचे टार्गेट जातीचे हॉप्स 50-55 ग्रॅम तासभर उकळा, गोल्डिंग्ज 50 ग्रॅम शेवटच्या 10 मिनिटांना.

आत्ताची बॅच 20 अंशांवर आणा. तीन दिवस आकडा हलला नाही की 20 लिटरला 75 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरा. या बिअरला गॅस कमीच हवा. पहिली बाटली सहा महिन्यांनी.