श्रीलंका : एजंटच्या यादीतलं काय उडवू? उद्या पैसे भरायचेत

रानवारा
सहा रात्री, सात दिवस. एजंटने दिलेलं असं : सिगिरिया, हबरण्याला हत्तीवरून फेरी, पिन्नावला, कँडी, नुवारा एलिया, यालाच्या अभयारण्यात जीप, मिरिसाला देवमासे, शेवटी कोसगोडाला कासवांची पिल्लं हातात घेऊन समुद्रात सोडणे. जनावरांना त्रास होईल असं काही नको, एवढं आमचं घरात ठरलंय. एजंट म्हणतो "सगळं इको-फ्रेंडली आहे". उद्या दुपारपर्यंत त्याला कळवायचंय. "गूगल करा" लिहू नका, केलंय.

आडवाट
महिना कोणता? किती जण? लहान मुलं, वयस्कर कुणी? याशिवाय काय सांगणार?

खारूताई
महिना कुठलाही असो, हत्तीवरची फेरी काढा. हत्तीच्या मणक्यांची हाडं वर निघालेली असतात. त्यावर हौदा कसून दिवसभर माणसं बसवली की कातडी सोलवटते, जखमा होतात. पिन्नावला 1975 साली अनाथ पिल्लांसाठी सुरू झालं, पण तिथले हत्ती जंगलात परत जात नाहीत. त्याऐवजी उडवलवेचं एलिफंट ट्रान्झिट होम, 1995 पासूनचं. दर तीन तासांनी पिल्लांना दूध पाजतात, ते लांबच्या मचाणावरून बघायचं. हात लावता येत नाही, हीच तिथली चांगली गोष्ट. वाढलेली पिल्लं जंगलात सोडतात.

चिंचोका
सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेलं घ्या. प्रवाळांना घातक म्हणून हवाईत या दोन्हींच्या विक्रीवर 2021 पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं चालेल. त्याहून बरं म्हणजे पाण्यात लांब बाह्यांचा स्विमिंगचा शर्ट.

आडवाट
@चिंचोका, यादीत पोहणं कुठे आहे?

रानवारा
ऑगस्टचा दुसरा आठवडा. लिहायचं राहिलं. चौघं, त्यात आई सत्तरीच्या आणि मुलगा नऊ वर्षांचा.

दर्यावर्दी
मग मिरिसा आपोआप बाद. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. ऑगस्टमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्याने दक्षिण किनाऱ्यावर समुद्र उसळलेला असतो, आईंना बोटीत बसवूच नका. त्या दिवसांत पूर्व किनारा शांत, म्हणजे त्रिंकोमाली. हबरण्याहून गाडीने साधारण दोन तास. बोट ठरवताना एकच विचारा : देवमाशापासून किती अंतरावर थांबता? श्रीलंकेच्या नियमाप्रमाणे 100 मीटर. बोट बाजूने, समांतर आणि हळू न्यायची. समोरून आडवी घातली किंवा मागून पाठलाग केला की तो श्वास पुरता न घेताच बुडी मारतो. मोबाइलवर चेहरा स्पष्ट आला तर बोट चुकली समजा.

खारूताई
ऑगस्ट असेल तर उडवलवेचं अभयारण्यही सोडू नका. हत्ती बाराही महिने दिसतात.

मचाण
असहमत. ऑगस्टमध्ये मिन्नेरियाचं अभयारण्य. तलावाचं पाणी हटतं, उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत येतं, त्यावर कळपच्या कळप उतरतात. आणि ते हबरण्याच्या शेजारी, वेगळा दिवस खर्च होत नाही.

खारूताई
अलीकडे तलावात पाणी जास्त साठवलं तर गवत बुडतं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे जातात. शिवाय संध्याकाळी जीपांची जत्रा.

मचाण
म्हणूनच तिकीट मिन्नेरियाचं म्हणून आधी काढून ठेवायचं नाही. कळप आज कुठे आहेत ते जीपवाल्यांना दुपारी माहीत असतं, तेव्हा ठरवा. जीपवाल्याला निघण्यापूर्वीच सांगा : कळप आणि पाणी यांच्या मध्ये गाडी घालायची नाही, एका बाजूला उभी करून इंजिन बंद. हत्तीने कान फाकवले, सोंड हलवायची थांबवली, पाय झुलवत धूळ उडवायला लागला की मागे घ्या. त्यापुढची पायरी म्हणजे अंगावर धावणं. आणि "जवळ नेलंत तर जास्त बक्षीस" असं चुकूनही बोलू नका. यालात बिबट्यासाठी फोनाफोनी होऊन जीपा धावतात त्या याच पैशांसाठी.

घाटवाट
जळवांसाठी तंबाखूचं पाणी मोज्यांवर मारा. सह्याद्रीत हेच चालतं.

चिंचोका
तंबाखूचं पाणी नको. ओढा ओलांडताना ते पाण्यात उतरतं, बेडकांना विष. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे पुरतात. तसेही हे सिंहराजाच्या पावसाळी जंगलात चाललेत का?

रानवारा
सिंहराजा नाही!! कासवांचं कोणीच बोललं नाही.

दर्यावर्दी
पिल्लं हातात देणारी हॅचरी, म्हणजे कोसगोडाचं अंडी उबवण्याचं केंद्र, काढा. पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा पोटात पिवळ्या बलकाचा साठा असतो. त्याच्या जोरावर पहिले एक-दोन दिवस न थांबता पोहून ते किनाऱ्यापासून लांब जातं. पर्यटकांसाठी टाकीत ठेवलं की हा साठा टाकीच्या भिंतींवर धडका देण्यात संपतो. त्यात दिवसाढवळ्या सोडलं की वरून पक्षी, खालून मासे. आपल्याकडे वेळासला पिल्लं वर आली की त्याच सकाळी किंवा संध्याकाळी वाळूवर सोडतात, ती स्वतःच्या पायांनी पाण्यात जातात आणि माणसं दोरीबाहेर. फरक तिथेच कळतो.
याऐवजी तंगल्लेजवळ रेकावा. मादी अंडी घालायला लागल्यावरच गावातले राखणदार बोलावतात. पांढरा टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही बंद. ऑगस्टमध्ये कासव येईलच असं नाही, मुलाला आधीच सांगून ठेवा.

मिरजेचा
अवांतर : शाकाहारी असाल तर पोल संबोल विचारून खा. नारळाच्या त्या चटणीत उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो. दिसत नाही. आणि सिगिरियाला सार्क देशांचं कमी दराचं तिकीट मिळतं, मूळ पासपोर्ट खिशात ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

रानवारा
मांसाहारी आहोत. एजंटचा फोन झाला. म्हणतो फेरी, पिन्नावला, मिरिसा, हॅचरी काढा, पण पैसे कमी होणार नाहीत.

आडवाट
कमी करू नका म्हणावं, बदलून द्या. चार गोष्टींच्या बदल्यात हबरण्याला एक रात्र जास्त, स्वतंत्र जीप, उडवलवेला दुपारी तीनच्या दुधाला पोहोचेल अशी गाडी. त्रिंको सोडा, सात दिवसांत आईंची हाडं खिळखिळी होतील. तोंडी नको, मेलवर घ्या.

दर्यावर्दी
त्रिंको कशाला सोडायचं? नुवारा एलिया सोडा.

रानवारा
नुवारा एलिया आईंना हवंय. मेल पाठवली.