मदत हवी आहे : शेततळ्यावर हिरवा थर, काय टाकू?

बांधावरून : शेततळ्यावर हिरवा थर आलाय. रंगाचा डबा सांडल्यासारखा, वास घाण. काय टाकलं की जाईल? प्रमाणासकट सांगा, घाई आहे.

ठिबकवाला : मोरचूद (कॉपर सल्फेट). फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात फिरवा. आम्ही दरवर्षी करतो.

दावण : थांबा. ते पाणी कोण पितं? काठी घालून बघा. लांब धागे वर आले तर साधं शेवाळ. नुसता रंग फासल्यासारखं दिसलं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे विष बनवू शकणारे निळे-हिरवे जिवाणू, असू शकतात.

बांधावरून : रंगच फासला. शेळ्या पितात. काल एक मेली, दोघी चारा खात नाहीत, पांढरीचे कान लाल झालेत. पण मी तळ्याचं विचारलंय.

दावण : अहो, शेळी मेली हे आधी सांगायचं ना! मोरचूद आत्ता अजिबात नको. जिवाणूंच्या पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ मध्ये धरणात मोरचूद टाकलं. काही दिवसांत १४८ जण आजारी, त्यातली १३८ मुलं.

ठिबकवाला : ऑस्ट्रेलिया कशाला? आमच्याकडे काही झालं नाही.

दावण : तुमचं पाणी डाळिंबाला जातं. डाळिंबाला यकृत असतं का?

पुणेकर : उकळून गार करून पाजा की.

दावण : मायक्रोसिस्टिन, म्हणजे अशा थरातलं यकृत बिघडवणारं विष, उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं.

माळरान : कान लाल म्हणजे घाणेरी खाल्ली. आमच्या शेळ्यांना तस्संच झालं होतं.

दावण : घाणेरीनेही होतं, बरोबर. दोन्हींत यकृत बिघडतं, चाऱ्यातल्या हरितद्रव्याचा अंश रक्तात साठतो आणि पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं. म्हणून मेलेलीचं शवविच्छेदन करून घ्या. पांढरीला अंधाऱ्या गोठ्यात बांधा. नेमका उतारा नाही, डॉक्टर आजच बोलवा. वारा ज्या काठाला थर ढकलतो तिथलं पाणी सगळ्यात वाईट. सगळा काठच बंद करा, हौदात बोअरचं पाणी द्या. थर गेला तरी शेळ्या लगेच तळ्यावर सोडू नका. तळ्याच्या वर काय आहे?

बांधावरून : शेजाऱ्याचं पोल्ट्री शेड. कोंबडखताचा ढीग बांधावरच असतो.

दावण : मग थर त्याच्यावरच पोसतोय. पहिल्या पावसाआधी ढीग हलवायला लावा.

माळरान : शेजारी हलवणार? आमचा तर बांधाचा दावाच चालू आहे…

नवा_शेतकरी : शेततळ्याच्या प्लास्टिकला अनुदान किती मिळतं?

बांधावरून : डॉक्टर निघालेत. हौद टँकरने भरतोय, बोअर आटलाय. तळ्यात रोहू-कटला आहेत, पहाटे वर येऊन तोंड उघडतात. विकू का?

दावण : पहाटे प्राणवायू कमी पडतो, म्हणून वर येतात. विकू नका. विष त्यांच्याही यकृतात आणि आतड्यात साठतं.

ठिबकवाला : रोहूचं बी कुठून आणलंत?