परिषदेत १० मिनिटांचं सादरीकरण, विषय प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मोजणे: काय ठेवू, काय कापू?

लेबररूम_रात्रपाळी

माता आणि नवजात शुश्रूषेच्या परिषदेत आमच्या वॉर्डचा ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा छोटा लेखी सारांश) तोंडी सादरीकरणासाठी निवडला गेलाय. प्रकल्प असा: योनीमार्गे प्रसूतीनंतर किती रक्त गेलं याचा नजरेने अंदाज करण्याऐवजी खुणांचा ड्रेप (बाईखाली पसरायची प्लास्टिकची चादर, तिच्या पिशवीवर मिलीच्या खुणा असतात) आणि वजनकाटा वापरून ते मोजायचं. १२ आठवडे आधीची नोंद, २२ आठवडे नंतरची, आठवड्याला साधारण ३० प्रसूती. बोलायला १० मिनिटं, प्रश्नांना ५.

अडचणी तीन. मोजायला लागल्यापासून ५०० मिलीच्या वर रक्तस्राव झालेल्या बायकांचा आकडा वाढलेला दिसतोय. तो दाखवला तर काम फसलं असं वाटेल का? आलेख महिन्याचा काढू की आठवड्याचा? आणि स्लाइड झाल्यात २६, कात्री कुठे लावू?

मापात_माप

वाढलेल्या आकड्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या बोलण्याचा कणा तोच आहे. तो लपवू नका. तिसऱ्या मिनिटाच्या आत स्वतःहून सांगा, नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि तुमची पाचही मिनिटं खुलाशात जातील.

नजरेचा अंदाज कमी पडतो, आणि रक्त जितकं जास्त तितका तो आणखी कमी पडतो. आधीच्या काळात ६५० मिली गेलेली बाई कागदावर ४०० म्हणून उतरू शकते. काटा आल्यावर तीच बाई ५०० च्या पलीकडे जाते. रक्त तेवढंच जातंय, आता ते नोंदीत येतंय. पट्टीच बदलली असल्यामुळे दोन्ही काळांतले '५०० च्या वर'चे टक्के शेजारी ठेवून तुलना करूच नका. नजरेवर अवलंबून नसलेल्या गोष्टींची करा: रक्त चढवावं लागलेल्या बायका, ऑपरेशन थिएटरमध्ये हलवाव्या लागलेल्या बायका. सरसकट सगळ्यांचं झालं असेल तरच आधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन घ्या. ज्यांची काळजी वाटली त्यांचंच केलं असेल तर ते आकडे गाळा. रक्त चढवलेल्या बायका मोजक्याच असतील, तिथे टक्के न देता '३६० पैकी इतक्या, ६६० पैकी इतक्या' असं लिहा.

पार्श्वभूमीला एकच अभ्यास पुरे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ई-मोटिव्ह चाचणी: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, २ लाखांहून जास्त प्रसूती. खुणांचा ड्रेप आणि त्यासोबत ठरलेल्या उपचारांचा संच जिथे वापरला तिथे रक्तस्रावाचं निदान ९३ टक्के वेळा झालं, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. १००० मिली किंवा जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. पण तिथे मोजमापाला उपचारांची जोड होती: गर्भाशयाचं मालिश, आकुंचनाची औषधं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध), सलाइन, तपासणी आणि गरज पडल्यास वरच्यांना बोलावणं. नुसतं मोजून कोणाचं रक्त थांबत नाही. तुमच्याकडे '५०० ची खूण ओलांडल्यापासून पहिलं औषध मिळेपर्यंतची मिनिटं' नोंदलेली असतील तर तो तुमचा सगळ्यात मोलाचा आकडा आहे.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये छेद, म्हणजे एकूण किती प्रसूतींपैकी, हे स्पष्ट हवं. '८० टक्के प्रसूतींत मोजलं' एवढ्याने भागत नाही. ३० पैकी २४ की २५ पैकी २०? ड्रेप संपले होते त्या दिवसांच्या प्रसूती छेदात धरल्या का? वगळल्या असतील तर तसं लिहा. गुणवत्ता सुधारणेचं काम कसं मांडावं यासाठी स्क्वायर २.० ही २०१५ ची १८ मुद्द्यांची यादी आहे. ३०० शब्दांत सगळे मुद्दे बसत नाहीत, पण काय राहून गेलं ते तिच्याशी ताडून लगेच कळतं.

बिंदूरेषा

किती टक्के प्रसूतींत रक्त मोजलं, त्याचा आलेख आठवड्याचाच. महिन्याचा काढलात तर आधीचे ३ आणि नंतरचे ५ असे जेमतेम ८ बिंदू मिळतील, आठवड्याचा काढलात तर ३४. 'आधी' आणि 'नंतर'चे दोन खांब तर नकोच. सुधारणा तुमचं काम सुरू व्हायच्या आधीच सुरू झाली होती का, किंवा मध्येच ढासळली का, हे खांबांत दिसत नाही.

मध्यरेषा फक्त पहिल्या १२ बिंदूंच्या मध्यकावरून काढा आणि तीच पुढच्या २२ आठवड्यांवर लांबवा. लागोपाठ ६ किंवा जास्त बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले तर बदल खरा धरतात. रेषेवरच पडलेला बिंदू मोजायचा नाही, पण त्याने साखळी तुटतही नाही. लागोपाठ ५ किंवा जास्त बिंदू चढत किंवा उतरत गेले तर तो कल.

एक मेख आहे. आधीच्या काळात कोणी मोजतच नसेल तर मध्यरेषा शून्यावर येते आणि वरचा नियम लावण्याला अर्थ उरत नाही. तसं असेल तर नंतरच्या २२ आठवड्यांची स्वतंत्र मध्यरेषा काढा आणि मोजमाप टिकलं का, एवढंच बोला.

उभा अक्ष ० ते १०० ठेवा. प्रत्येक आठवड्याखाली प्रसूतींची संख्या लिहा. ती १५ ते ४५ अशी हेलकावत असेल तर साध्या रेषेऐवजी पी-चार्ट (प्रत्येक आठवड्याच्या संख्येनुसार रुंद-अरुंद होणाऱ्या मर्यादारेषांचा टक्केवारीचा आलेख) काढा, कारण १५ प्रसूतींच्या आठवड्यात दोन नोंदी चुकल्या तरी बिंदू दाणकन खाली येतो. काटे कधी आले, प्रशिक्षण कधी झालं, ड्रेप कधी संपले, हे बाण काढून आलेखावरच दाखवा. ड्रेप संपले तिथला खड्डा मुद्दाम दाखवा. समोर बसलेल्या सिस्टर त्याच आठवड्याबद्दल विचारणार आहेत.

पदर_खोचून

२६ च्या ९ करा. प्रश्न १, हेतू १, पद्धत ३, आलेख १, औषधापर्यंतची मिनिटं आणि रक्त चढवणं १, काय फसलं १, तुमच्या वॉर्डात सुरू करायला काय लागेल १. वॉर्डाची ओळख, इमारतीचा फोटो, समितीची रचना हे सगळं जाऊ द्या. घड्याळ लावून तालीम ९ मिनिटांत बसली पाहिजे.

पद्धतीला पूर्ण ३ मिनिटं द्या, ऐकणाऱ्याला घरी न्यायचं तेच असतं. एकच उदाहरण स्लाइडवर सोडवून दाखवा. समजा बाळ जन्मलं तेव्हा ड्रेपच्या पिशवीत १५० मिलीपर्यंत पातळी होती. ते मुख्यतः गर्भजल. तेव्हाच लिहून ठेवायचं. तासाभराने पातळी ४८०, म्हणजे ३३० मिली रक्त. भिजलेला पॅड २१५ ग्रॅम, तोच पॅड कोरडा ३५ ग्रॅम, फरक १८०. १ ग्रॅमला १ मिली धरायचं. बेरीज ५१०. ड्रेपवर नुसती नजर टाकणाऱ्याला ही बाई सुरक्षित वाटली असती. पॅड काट्यावर ठेवला म्हणून ती ५०० च्या पुढची निघाली. कोणी विचारेलच म्हणून: १ मिली रक्ताचं वजन साधारण १.०५ ग्रॅम असतं, म्हणजे या हिशेबात आकडा थोडासा जास्त येतो, आणि तो चालतो.

काय फसतं ते नावानिशी सांगा. बाळ जन्मतानाची पातळी लिहायची राहते आणि गर्भजल रक्तात मिळतं. तीन पॅड एकत्र तोलले जातात, पण कोरडं वजन एकाचंच वजा होतं. नव्या खेपेतल्या पॅडचं कोरडं वजन वेगळं असतं आणि काट्यावर चिकटवलेला तक्ता जुनाच राहतो. काटा गादीवर ठेवतात. पेरिनियम (योनी आणि गुदद्वारामधला भाग) धुतलेलं पाणी पिशवीत जातं. ड्रेपची पातळी उभ्याने वरून वाचली जाते, डोळे खुणेच्या रेषेत आणून नाही.

जमलं तर टेबलावर तीन पॅड ठेवा, १००, २५० आणि ५०० मिली ओतलेले, आणि सभागृहाला अंदाज विचारा.

मापात_माप

पॅडची कल्पना छान, पण १० मिनिटांच्या बोलण्यात नको. मागच्या रांगेला दिसत नाही आणि दोन मिनिटं तिथेच खर्च होतात. पोस्टरजवळ करा. नुसतं रंगीत पाणी घेऊ नका, ते पॅडवर रक्तापेक्षा फार पसरतं. थोडं कॉर्नफ्लोअर शिजवून दाट करा.

लेबररूम_रात्रपाळी

खूप मदत झाली. पोस्टरही न्यायचंच आहे. बाळ जन्मतानाची पातळी आम्ही सुरुवातीच्या दोन आठवड्यांत लिहिली नव्हती, तर ते आठवडे गाळू का? आणि ड्रेप लावलेल्या टेबलाचा वॉर्डातला फोटो चालेल का?

बिंदूरेषा

गाळू नका. मोजमापाच्या आलेखात ते आठवडे ठेवा, रक्ताच्या आकड्यांतून वगळा, आणि कारण एका ओळीत लिहा.

नोंदवही_बंद

फोटो शक्यतो रिकाम्या खोलीत, नवीन ड्रेप लावून, रंगीत पाणी घालून काढा. खऱ्या प्रसूतीचा असेल तर त्या बाईची लेखी संमती लागते, आणि ती परिषदेत दाखवण्यासाठी म्हणून स्वतंत्र घेतलेली असावी. मागच्या फळ्यावरची नावं, खाटेचे क्रमांक, बाळाच्या मनगटाची पट्टी, सगळं तपासा. पॉवरपॉइंटमध्ये फोटो नुसता क्रॉप केला तर कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन कापलेला भाग पुसायचा पर्याय निवडा. त्याहून धोक्याचं म्हणजे एक्सेलमधून चिकटवलेला आलेख: त्याच्यासोबत कधीकधी अख्खी वर्कबुक जाते, म्हणजे रुग्णांची यादीही. आलेख चित्र म्हणूनच चिकटवा.

नैतिक समितीची मंजुरी लागणार नाही असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नसतं. सूट असेल तर ती देणाऱ्यांचं पत्र हवं, आणि बाहेर सादर करायला रुग्णालयाची लेखी परवानगी वेगळी. एखाद्या आठवड्यात तिळ्यांची प्रसूती झाली असेल तर तारीख आणि 'तिळी' एकत्र लिहू नका, तेवढ्यावरून ती बाई ओळखू येते.

पोस्टरचं माप आणि ते आडवं की उभं हे आधी विचारून घ्या. साधारण १२० बाय ९० सेंटिमीटरच्या पोस्टरवर शीर्षक ८५ पॉइंट, मजकूर किमान २४, आणि आलेख निम्म्या जागेत. स्क्रीनशॉट छापला की फुटतो. छापायच्या आकाराला ३०० डीपीआय ठेवा. कापडावर छापलेलं पोस्टर घडी करून बॅगेत मावतं.

सभागृहातल्या कॉम्प्युटरवर तुमचा देवनागरी फॉन्ट नसला तर अक्षरांचे चौकोन होतात. फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा आणि पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. सत्र सुरू व्हायच्या आधी तिथल्याच मशीनवर सगळ्या ९ स्लाइड एकदा उघडून बघा.