डॉक्टर म्हणतात टेन्शन आहे, मला शुगरची भीती वाटते. तपासणी मागून घेऊ का?

वेबिल

नमस्कार. वय ३९, एसटीत कंडक्टर, सातारा जिल्हा. उंची पाच फूट एक इंच, वजन ५२.

दिवाळीपासून मधेच छातीत धडधडतं, हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते. रात्री लघवीला दोनदा-तीनदा उठावं लागतं. दुपारी जेवल्यावर अशी गुंगी येते की दांड्याला धरून उभ्या उभ्या डोळे मिटतात. कधी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. सगळ्यात त्रास थरथरीचा. तिकिटाच्या मशीनची बटणं भलतीच दाबली जातात आणि मागून कोणीतरी ओरडतं, "ओ मॅडम, अर्धं तिकीट, अर्धं!"

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ईसीजी काढला. दोन्ही चांगले. बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली ती १२७, जेवून दीडेक तास झाला होता. म्हणाले, "काही नाही, टेन्शन आहे. तुमच्यासारख्या काटकुळ्या बाईला कुठली शुगर?" रात्री घ्यायला एक गोळी लिहून दिली. तिने झोप लागते, खोटं कशाला बोलू.

पण माझ्या आईलाही "काही नाही, अशक्तपणा आहे" असंच सांगत वर्षं गेली. मधुमेह कळला तेव्हा पायाची जखम चिघळलेली होती, अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग मीच करायचे. सख्खा मामा शेवटी डायलिसिसवर होता. त्यामुळे "टेन्शन आहे" ऐकून लोकांना हायसं वाटत असेल, माझी धडधड आणखी वाढते.

दिरांकडे शुगरचं मशीन आहे. सकाळी उपाशीपोटी कधी ९७, कधी १०९, एकदा ११४. त्याच बोटातून पाठोपाठ दोनदा बघितलं तर १०३ आणि ११२! नेटवर एक जण सांगतो १०० च्या पुढे प्रीडायबिटीस (म्हणजे मधुमेहाच्या सीमेवर), दुसरा सांगतो ११०.

परत जाऊन तपासणी मागू का? डॉक्टर माणूस चांगला आहे, सासऱ्यांना रात्री-अपरात्री बघून गेलेत, म्हणून संकोच वाटतो. मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस घरात आधीच तिघींनी सुचवलाय, तो सोडून बोला.

काचपट्टी

मिरजेला लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, आकड्यांपुरतं बोलतो.

दिरांचं मशीन आधी परत द्या. घरगुती मशीनला मापदंडातच साधारण १५ टक्क्यांची सूट आहे. खरी शुगर १०५ असली आणि मशीनने ९२ किंवा ११८ दाखवली, तरी ते मशीन पास. ज्याला मधुमेह आहे त्याला रोजचा चढउतार बघायला ते उपयोगी. पण तुम्हाला ९९ आणि १०१ यांतला फरक शोधायचाय, तो त्यात सापडत नाही. बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस राहिला असेल तर आकडा फुगतो, तो भाग वेगळाच.

१०० आणि ११० दोन्ही बरोबर आहेत. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन उपाशीपोटी १०० ते १२५ ला प्रीडायबिटीस म्हणते, जागतिक आरोग्य संघटना ११० पासून धरते. १२६ पासून पुढे दोघांच्या लेखी मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ आली तर सीमेवर, २०० झाली की मधुमेह. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ आली तर सीमेवर. तुमची क्लिनिकमधली १२७ जेवणानंतरची आहे, म्हणजे वाईट नाही. पण तेवढ्यावर प्रीडायबिटीस नाही असंही म्हणता येत नाही.

रक्त शिरेतलं द्यायचं. आधी आठ तास पोटात काही नको. पाणी चालतं. चहा नाही, "अर्धा कप" सुद्धा नाही, मिश्रीही नाही. मुक्कामी गाडी करून त्याच सकाळी येऊ नका, रात्रभर झोप नसली तर आकडा चढा दिसू शकतो.

नाशिककर_दोनदा

ताई, मी जरा डॉक्टरांच्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

मलाही हेच सगळं होत होतं आणि वडिलांना मधुमेह. मशीन विकत घेतलं, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बोटं टोचायचो. लॅबचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले तर म्हटलं लॅबच चुकली, दुसरीकडे गेलो. बायकोने शेवटी पट्ट्यांचं बिल फ्रिजवर चिकटवलं.

ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या वाचल्या आणि लगेच ओळख पटली. घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने नेमक्या त्याच जागी मुंग्या येतात. धडधड, थरथर, कोरड, सारखी लघवी, हे सगळं भीतीनेही होतं. उलट प्रीडायबिटीसमध्ये बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं कळत नाही. त्यामुळे थरथरीचं कारण डॉक्टरांनी बरोबर ओळखलं असण्याची शक्यता बरीच आहे.

तपासणी करा, नक्की करा. पण करण्याआधी ठरवा की नॉर्मल आली तर मान्य करायची. मला ते जमेना, मग समुपदेशन घेतलं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. मी सुरुवात तिथूनच केली.

आक्का_निवृत्त

मी आरोग्य केंद्रात परिचारिका होते, आता निवृत्त. बाई, आधी चार प्रश्न. ड्युटीवर पाणी किती पितेस? कंबर किती? पाळीला रक्तस्राव जास्त जातो का? आणि बाळंतपणात शुगर वाढलेली होती का?

वेबिल

आक्का, पाणी जवळजवळ नाहीच. मधे उतरता येत नाही म्हणून सकाळपासून घोट घोट. घरी आल्यावर तांब्याच्या तांब्या पिते. (लिहिताना आत्ता माझ्याच लक्षात आलं, रात्रीची लघवी बहुधा तीच!) कंबर मुलीच्या टेपने मोजली, ८४ सेंटीमीटर. पाळीत जातं बरंच, दोन-तीन वर्षं झाली.

धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात गोड पाणी पाजून रक्त घेतलं होतं. शुगर जास्त आली म्हणून भात आणि साखर बंद केली होती. बाळंत झाल्यावर पुढे कोणी काही बोललं नाही. ती आता सहावीत आहे.

आक्का_निवृत्त

मग संकोच सोड. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत एकदा तपासणी व्हायला हवी, आणि पुढे जन्मभर दर एक ते तीन वर्षांनी. तुझी राहून गेली आहे. हात थरथरोत की न थरथरोत, ती करायचीच.

नाशिककरांचं खरं आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. थरथर कशाने होते हा एक प्रश्न. शुगर सीमेवर आहे का हा दुसरा. डॉक्टरांनी पहिल्याचं उत्तर दिलं, बरोबरही असेल. दुसऱ्याचं उत्तर फक्त रक्त देईल.

आणि "काटकुळी" ऐकून हुरळू नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तोच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं काट्यावर हलकी दिसतात आणि चरबी पोटात साठलेली असते. आपल्याकडच्या बायकांना कंबर ८० च्या आत हवी, तुझी ८४. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचा जोखमीचा गुणांक आहे, त्यात वय, कंबर, हालचाल आणि आईचा मधुमेह धरून तुझे ६० होतात. ६० किंवा त्याहून जास्त आले की जोखीम जास्त समजतात. बाळंतपणातली शुगर त्यात धरलेलीच नाही.

डॉक्टरांना एवढंच म्हण: "टेन्शन असेलही, गोळीने झोप लागते. पण आईला मधुमेह होता आणि मला गरोदरपणात शुगर निघाली होती. उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी लिहून द्याल का?" बाळंतपणाचं त्यांना ठाऊकच नसेल. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच आणि बी१२ करून घे. थायरॉइड वाढलं तरी धडधडतं नि हात कापतात. अंगात रक्त कमी असलं तरी धडधड आणि थकवा येतो. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रातही बीपी-शुगरची तपासणी मोफत होते, खर्चाची अडचण असेल तर तिथून सुरुवात कर.

वेबिल

(तीन आठवड्यांनी)

रिपोर्ट आले. उपाशीपोटी १०४, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १५२, एचबीए१सी ५.९. थायरॉइड नॉर्मल, बी१२ थोडं कमी, हिमोग्लोबिन ९.४.

डॉक्टर चिडले वगैरे नाहीत. बाळंतपणाचं ऐकल्यावर लगेच कागद ओढला. रिपोर्ट बघून म्हणाले, "सीमेवर आहे, मधुमेह नाही. रक्तही कमी आहे. आणि टेन्शन आहे हे मी अजून म्हणतो." तिन्ही मान्य केलं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. शुगरची गोळी आत्ता नाही, चालणं आणि जेवण. गंमत म्हणजे रिपोर्ट हातात आल्यापासून धडधड कमी आहे. शुगर निघाली तरी!

पण जेवणाचं कसं करू? मुक्कामाच्या गावी रात्री नऊला जे मिळेल ते, बहुतेक भात आणि पिठलं.

आक्का_निवृत्त

पिठलं चांगलंच की, डाळीचंच आहे ते. भाताचा ढीग कमी कर, डब्यात दोन भाकऱ्या आणि मोड आलेली मटकी ने. काकडी, गाजर, मुळा ज्या गावात जे असेल ते आधी खा, भात शेवटी. जेवून लगेच गाडीत आडवी होऊ नकोस, ड्रायव्हरदादांना घेऊन गावात पंधरा-वीस मिनिटं फेरी मार. पाणी दिवसा पी. थांब्यावर उतरायची सोय कुठे आहे ते तुला माझ्याहून जास्त माहीत.

सीमेवरून मागे येता येतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशाच लोकांत, काही न बदललेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. चालणं आणि जेवण सुधारलेल्यांत ३९ जणांना. सगळे सुटतात असं नाही, पण फरक चांगला मोठा आहे.

काचपट्टी

एक राहिलं. हिमोग्लोबिन ९.४ असताना ५.९ वर फार विसंबू नका. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटा चढा येऊ शकतो. तुमची दोन तासांची १५२ मात्र रक्तातलीच शुगर आहे, ती धरून चला. लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वर आलं, की तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांना विचारून एचबीए१सी पुन्हा करा. आकडा खाली आला तर श्रेय चालण्याला किती आणि लोहाला किती, हे तेव्हा त्यांनाच विचारा.

आणि ती गोळी स्टँडवरच्या चहाबरोबर गिळू नका, चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांत तासभर तरी जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, बिनसाखरेच्या.