मदत हवी आहे : बॅचची दहा वर्षांची माहिती कशी गोळा करू?

नमस्कार मंडळी, आम्ही २०१५ ला बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातून एम.कॉम. झालो, भूतरामनहट्टीच्या कॅम्पसवर. आता सगळे कुठे आहेत, काय करतात ते एकत्र करून छोटी पुस्तिका काढायची ठरलंय आणि काम माझ्याकडे आलंय. मोबाईलवर फॉर्म पाठवला, त्यात नोकरी, कंपनी, पद, लग्न, मुलं असे रकाने. पुण्या-बेंगळूरवाल्यांनी लगेच भरला, गोव्यात वेर्ण्याला फार्मा कंपनीत आहेत त्यांनी पण. पण खानापूरच्या एका मैत्रिणीनं 'सध्या काय करता' ही जागा कोरीच ठेवली, आणि ती तर घरची डेअरी बघते, वर दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेते, दुधाचा सगळा हिशोब तिच्याच वहीत असतोय! हे मला फार लागलं. बेळगावात उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांचं वर्कशॉप सांभाळणारा एक, केपीएससी (कर्नाटक लोकसेवा आयोगाची परीक्षा) देऊन देऊन वयाची मर्यादा संपलेला दुसरा, यांनी तर फॉर्म उघडलाच नाही.

तर विचारायचं होतं की प्रश्न कसे ठेवू म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही? पगाराचा रकाना काढलाय, तो नकोच. लग्न-मुलांचं ऐच्छिक ठेवावं काय? आणि लग्न होऊन चंदगड, गडहिंग्लजकडं गेलेल्या मुलींचे जुने नंबर बंद आहेत, माहेरी फोन करून नंबर मागितला तर चालेल ना, की आधी एखाद्या मैत्रिणीकडून विचारून घेऊ? कुणी असं काम केलं असेल तर तुमचा फॉर्म दाखवा प्लीज.